कुत्रा कुणाचा?

प्रिय ताई,

पत्र लांबणार आहे, आणि तुला सध्या वेळच वेळ आहे हे मला भाऊजींकडून कळलं आहे, तेव्हा 'उभ्याउभ्या वाचलं' ही सबब चालणार नाही. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे. दवाखाना बंद केलास त्याला परवा सहा महिने झाले. कंटाळा आला असं तू सगळ्यांना सांगितलंस, मलाही सांगितलंस, आणि मी मान डोलावली. तेहेतीस वर्षं लोकांच्या उघड्या तोंडात बघून न कंटाळलेली बाई एकाएकी कंटाळते कशी, हे काही मला विचारता आलं नाही. भाऊजी सांगतात, तू दिवसभर खिडकीपाशी बसतेस आणि रस्त्याने कुणी हसत गेलं की त्याच्या दातांना नावं ठेवतेस. त्यांना गंमत वाटते, मला नाही वाटली. पण ते नंतर. आधी बातमी ऐक.

बातमी अशी की तू माझा डायनोसॉर मारलास. सात कोटी वर्षांपूर्वी बिचारा एकदा मेलाच होता, गेल्या रविवारी तू त्याला दुसऱ्यांदा मारलास. मी संग्रहालयाच्या तळघरात नक्की काय करते हे तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. तर पोत्यांनी माती येते. ती धुवायची, चाळायची, वाळवायची, ट्रेमध्ये पसरायची आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने त्यातले दात टिपायचे. मांसाहारी डायनोसॉर म्हटलं की लोकांना बसएवढं जनावर दिसतं. माझी जनावरं कोंबडीपासून वासरापर्यंत, आणि दात तांदळाच्या दाण्याएवढे. दाताला बाक किती, बूड गोल की चपटं, धारेवर करवतीसारखे बारीक दाते आहेत का, एका मिलिमीटरमध्ये किती, पुढच्या आणि मागच्या धारेला सारखेच का, हे सगळं मोजायचं आणि मग ठरवायचं की हा कुणाच्या तोंडातला. दात कोरून पोट भरत नाही असं आई आपल्या दोघींकडे बघून म्हणायची. आपण दोघींनी जन्मभर दुसऱ्यांचे दात कोरून व्यवस्थित पोट भरलं.

यातला एक दात मला तीन वर्षं छळत होता. मागच्या धारेला दाते, पुढची धार गुळगुळीत, टोक तिरकं उडालेलं. पुढे दाते नसलेलं जनावर आमच्या भागात आजवर सापडलेलं नाही. म्हणजे नवीन जात! मी बारशाची तयारी केली. नाव ठरवलं, अकरा पानांचा लेख लिहून छापायला पाठवला, तीन मोठ्या तज्ज्ञांना विचारलं. एक हो म्हणाला, एक नाही म्हणाला, तिसऱ्याने स्वतःचाच जुना लेख वाचायला पाठवला. रविवारी सहज म्हणून तुला त्या दाताचा फोटो पाठवला, कारण हल्ली आपल्याकडे बोलायला काही उरत नाही आणि दात हा एक विषय तरी आहे. घाईत शेजारी मोजपट्टी ठेवायची राहिली. याच चुकीसाठी मी विभागातल्या प्रत्येकाला झापते, हे तिथे कुणाला सांगू नकोस. मोजपट्टी नाही, म्हणजे दात केवढा ते तुला कळायला मार्ग नाही. तुझं उत्तर आलं: "तुटलेला नाही, झिजलाय. समोरच्या दातावर घासून घासून. कुत्रा कुणाचा?"

मी पोट धरून हसले आणि मग तो फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचले आणि दात मोठ्या भिंगाखाली घातला. पुढच्या धारेच्या अगदी बुडाशी अडीच दाते शिल्लक होते. बाकीचे होते, झिजून गेले होते. म्हणजे नवीन जात वगैरे काही नाही, आमच्या ओळखीचंच जनावर, भरपूर जेवलेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. लेख मागे घेतला. विभागप्रमुख बाईंनी तुझ्या त्या ओळी दोनदा वाचल्या आणि विचारलं, या कोण? म्हटलं, माझी थोरली बहीण. कुठे असतात? म्हटलं, खिडकीपाशी.

तुला साबण आठवतात का गं? तू कॉलेजात होतीस, दाढा कोरायचा सराव चालायचा, आणि घरातली प्रत्येक वडी दाढ होऊनच न्हाणीघरात यायची. बाबा खालच्या डाव्या दाढेने अंघोळ करायचे आणि कौतुकाने सांगत सुटायचे, पोरीचा हात बघा. मी सात वर्षांची, मला तू डोळे मिटायला लावून वडी हातात द्यायचीस. वरची की खालची, डावी की उजवी? चुकले की टपली. आज लोक मला तज्ज्ञ म्हणतात ते त्या टपल्यांवर.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या खेपेला मी आले तेव्हा तू चहा ओतताना किटली दोन्ही हातांनी धरलीस, तरी बशीत सांडला. मी पाहिलं, मी पाहिल्याचं तू पाहिलंस, आणि आपण दोघी पडद्याच्या कापडाबद्दल बोलायला लागलो. मला फार वाईट वाटलं, ताई. गप्प बसले याचं त्याहून वाईट वाटलं. आमच्याकडे अकराशे दात पडून आहेत. दाते मोजणारे आम्ही पुष्कळ आहोत, पण झीज वाचता येणारं एकही माणूस नाही. बाईंना तू आठवड्यातून तीन दिवस हवी आहेस. तुला न विचारता मी त्यांना तुझ्या हाताबद्दल सांगितलं, त्यासाठी हवं तितकं रागाव. त्या म्हणाल्या, "हात तुमचे आहेत ना? मग डोळे त्यांचे." दात मी मेणावर बसवून देईन, मी फिरवीन, तू बघायचं आणि बोलायचं, लिहून मी घेईन. तिन्ही दिवस माझ्याकडे राहा, भाऊजींची परवानगी काढली आहे, फार पटकन मिळाली. मंगळवारी साडेनऊला पहिला ट्रे काढते आहे. नाही म्हणायचं असेल तर तो बघून झाल्यावर म्हण.

तुझीच,
भुणभुण