रेघ सोडणारा कटर

३ फेब्रुवारी, सोमवार

शी! खोकं उघडलं तर आत भुसा! नवा कोरा कटर म्हणून विकला आणि गोल पात्याच्या दातांत भलत्याच कुणाचं लाकूड अडकलेलं. म्हणजे कुणीतरी वापरून, कंटाळून परत केलेला माल आमच्या गळ्यात मारला. तशीच उलट्या पावली दुकानात गेले. दुकानदार बत्तीशी दाखवत म्हणतो, "ताई, कंपनीत टेस्ट करूनच पाठवतात." टेस्ट म्हणे! मी काउंटरवर भुसा झटकला तसं हसू आटलं. बदलून दिला, पण उपकार केल्यासारखा.

बाबा एवढंच म्हणाले, "जुना बरा होता." जुना जळाला, बाबा. त्याला मी काय करू?

५ फेब्रुवारी

दुसराही तसलाच! मुठीच्या रबराला घाण वास, पातं बदलायचा पाना खोक्यात नाहीच. तरी बाबांनी वाचनालयाच्या कपाटाची पहिली फळी कापायला लावली. कटर मध्येच रेघ सोडून डावीकडे गेला. चांगला बोटभर!

बाबांच्या हातून हे होतच नाही. पेन्सिलीची रेघ कापताना अर्धी पुसली गेली पाहिजे आणि अर्धी लाकडावर राहिली पाहिजे, हा त्यांचा नियम. मी लहानपणापासून बघतेय, ती अर्धी रेघ कधी चुकली नाही. म्हणून तर आमच्याकडे कापायचं काम फक्त त्यांचं. माझं आखणं, जोडणं, पॉलिश. तेव्हा चूक कुणाची, हे विचारायचीसुद्धा गरज नाही.

६ फेब्रुवारी

आणखी तीन फळ्या वाया. तिन्ही वाकड्या.

८ फेब्रुवारी

कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन. बावीस मिनिटं तेच टुकार संगीत आणि मध्येमध्ये "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". मग एक मुलगी आली. आवाज असा गोड की कानाला मुंग्या लागाव्यात! "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, मॅडम." माझं बोलणं संपायच्या आधीच दिलगीर! पुढे पोपटासारखं – बिलाचा फोटो, खोक्याचा फोटो, आणि कापतानाचा व्हिडिओ.

बाबांना विचारलं. "मी काय तमाशा आहे?" म्हणून उठून गेले. बरोबरच आहे त्यांचं. शेवटी मशीनच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाकून आले.

१७ फेब्रुवारी

नऊ दिवसांनी कटर परत. चिठ्ठीवर दोन शब्द – "तपासणी, ठीक". हवेत घुर्र करून बघितलं असेल, झालं! आणि वर कसला तरी तेलकट हात लावून दिलाय. किळस आली.

बाबांनी फळी लावली. आधीपेक्षा वाकडी. बाबांनी कटर खाली ठेवला, चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट केली. म्हणाले, "मशीन ठीक म्हणतात ना? मग चूक माझी असेल. हत्यारं पेटीत घालू."

असं कसं म्हणवलं त्यांना! हा माणूस काम सोडून घरात बसला तर सहा महिने टिकणार नाही, मला पक्कं माहीत आहे. आता मशीन खराब आहे हे सिद्ध केल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. नाकदुऱ्या काढायला लावीन त्या कंपनीला!

१९ फेब्रुवारी

सगळाच माल भिकार झालाय. बाबा म्हणतात पेन्सिली फिकट येतात, रेघ जाड काढ. काढली. कामाच्या टेबलावरचा बल्ब मिणमिणता आहे म्हणाले, तोही बदलला. नवा आणला तर तोही मिणमिणताच म्हणे! बल्बवाल्यालाही दोन शब्द सुनावून आले. जिकडे तिकडे चोर बसलेत.

२१ फेब्रुवारी

बाबांच्या हातापाया पडून व्हिडिओ काढला. साडेतीन मिनिटं. कटर कसा वळवळत जातो ते स्वच्छ दिसतंय! मी तो बारा वेळा बघितला, पात्यावरची नजर हलवली नाही. पाठवला. खाली लिहिलं – लाज असेल तर आता बोला.

२२ फेब्रुवारी

गोड आवाजवालीचा फोन आला. ऑफिसच्या नंबरवरून नव्हे, तिच्या स्वतःच्या. मी तोंड सोडणार तेवढ्यात म्हणाली, "ताई." मॅडम नाही. "ताई, मशीनकडे बघू नका. काकांचा डावा अंगठा बघा." एवढंच बोलली. दिलगीर वगैरे काही नाही.

परत व्हिडिओ लावला. बाबांची मान वर. अंगठा फळीची कड चाचपत पुढे पुढे सरकतोय आणि फिरतं पातं त्याच्या वीतभर मागे. बारा वेळा माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता हा अंगठा!

कारखान्यात गेले. बाबा नव्या बल्बखाली स्टुलावर बसले होते. एक फळी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "बाबा, रेघ काढलीये. नीट आलीये का बघा."

त्यांनी फळी जवळ ओढली. वाकून पाहिली, बराच वेळ.

"झकास," म्हणाले. "अगदी सरळ."

मी रेघ काढलीच नव्हती.