सुमनताईंचे पंधरा भाग

शनि. ८ नोव्हें.
अण्णांसाठी लायब्ररीतून ऐकायचं पुस्तक आणलं. त्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. चाळीस वर्षं सिटी कोर्टात वकिली केलेला माणूस, तीन महिने नुसता बसून आहे. मोबाईल नको म्हणतात, काचेवर बोट कुठं ठेवायचं समजत नाही. म्हणून बटणांचा छोटा प्लेअर घेतलाय.
पुस्तक मेमरी कार्डावर आहे. कादंबरी, एकवीस भाग. पंधरा दिवसांत परत. शनिवारी लायब्ररीत बसणारे देगलूरकरकाका म्हणाले, "हिच्या आवाजात आहे. एवढं एकच पूर्ण केलं तिनं. दुसरी प्रत नाही हं, जपा." ही म्हणजे सुमनताई, त्यांची बायको. गेल्या वर्षी गेल्या.

रवि. ९
कार्डावरच्या फायली प्लेअरला चालत नाहीत. लॅपटॉपवर एकेक भाग बदलून घ्यावा लागतो. दुपारपर्यंत सहा झाले. कंटाळलो.
अण्णा बाल्कनीत कान लावून. "बाई श्वास घेते तेही ऐकू येतं रे. छान वाचते."
मी वाचायचा प्रयत्न केला होता मागे. माझं मराठी वाचन म्हणजे अक्षराला अक्षर जोडत. दुसऱ्या पानावर "असू दे, परेशान होऊ नको" म्हणाले.

बुध. १२
ऑफिसला निघताना घाईत कार्ड थेट प्लेअरमध्येच घातलं. वाटलं, बघू, चालतं का. पडद्यावर बारीक इंग्रजी काहीतरी आलं. न वाचता 'येस' दाबलं.
कार्ड कोरं झालं.
सिकंदराबादला पोचेपर्यंत बसमध्ये काही सुचलं नाही. संध्याकाळी कार्ड खराब तर नाही ना म्हणून त्यावर भजनं टाकून पाहिली. उत्तम चालतात. पुसून टाकली.

शनि. १५
कार्ड परत केलं. सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तोंडातून निघालं, "काका, हे उघडतच नाही हो."
त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "माझ्याच हातून काही झालं असेल. मागच्या महिन्यात नातीच्या कॉम्प्युटरला लावलं होतं मी. हिचा आवाज ऐकायला."
मी 'नाही' म्हणालो नाही. मान हलवली की काय ते आठवत नाही. हलवली असणार.

सोम. १७
अण्णा : सातवा भाग कधी?
मी : लायब्ररीत पुढचं नाहीये.
अण्णा : सहाच भाग वाचून ठेवले बाईनं?
मी : हौ.
मेलेल्या बाईवरही ढकललं.

गुरु. २०
लायब्ररीच्या कार्यवाह पाठकबाईंचा फोन, वर्गणीच्या पावतीसाठी. बोलता बोलता म्हणाल्या, देगलूरकरांनी समितीत उभं राहून सांगितलं, कार्ड माझ्याकडून गेलं, आता माझ्यावर भरवसा ठेवू नका. शनिवारचं काम सोडलं त्यांनी. "मनाला फार लावून घेतलंय हो. आम्ही किती समजावलं."
मी "अरेरे" म्हणालो. हा शब्द मी म्हणालो.

शनि. २२
काकांच्या घरी गेलो. विद्यानगरातच, आमच्यापासून चार गल्ल्या. ठरवून गेलो होतो, आज सांगायचंच. त्यांनी दार उघडलं, मी त्यांचा चेहरा पाहिला आणि भलतंच बोललो. "कार्ड द्या, दुकानात दाखवून आणतो. निघतं कधीकधी परत."
ते आत गेले, रुमालात गुंडाळलेलं कार्ड घेऊन आले. माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही फार करताय माझ्यासाठी."
रुमालासकट कार्ड खिशात घातलं आणि जिना उतरलो.

सोम. २४
अर्धी रजा. दिलसुखनगरचं दुकान. दुकानदारानं तासभर खटपट केली. मग विचारलं, "खाली होने के बाद ऊपर से कुछ डाले क्या साब?"
डाले. भजनं.
"तो वो-इच निकल रहे. पुराना कुछ नक्को समझो."

मंगळ. २५
चहा झाल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. कप हातात तसाच. शेवटी म्हणाले, "हे झालं बयान. कबुली ज्याची त्याच्यापुढं द्यायची असते. मला कशाला ऐकवतोस?"
थोड्या वेळानं : "सहा भाग आपल्याकडे आहेत ना? ते त्यांचे आहेत. आपले नाहीत."
दिवसभर प्लेअरला हात लावला नाही त्यांनी.

गुरु. २७
ऑफिसमधून परस्पर काकांकडे. सहा भाग नव्या कार्डावर घालून नेले. बसायच्या आधीच सांगितलं. प्लेअर, येस, भजनं, दुकान, सगळं. मान वर करवली नाही.
आत कुकरची शिट्टी झाली, सून कुणाशी तरी तेलुगूत बोलत होती.
"म्हणजे माझ्या हातून गेलं नाही."
"नाही काका."
"बारा दिवस मी झोपलो नाही नीट. वाटायचं, तिची एक वस्तू होती, तीही मला सांभाळता आली नाही."
मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही, नाकारलीही नाही. सहा भागांचं कार्ड घेऊन खिशात ठेवलं. मग, अगदी हळू : "मला सांगितलंत, बरं केलंत. आता तिथं सांगा. तिथं मी माझं नाव सांगून बसलोय."
चहा विचारला नाही.

शनि. २९
आज लायब्ररीत जायचं. अकराला समितीचे सगळे जमतात. पाठकबाईंना फोन करून 'दोन मिनिटं बोलायचंय' एवढंच सांगितलंय. काका येणार की नाही, माहीत नाही.
अण्णा सकाळी सातलाच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. म्हटलं, तुम्ही कशाला? "तुझ्यासाठी येत नाहीये. त्या बाईनं मला सहा दिवस वाचून दाखवलं."
काय बोलायचं ते लिहून पाहिलं. 'माझ्याकडून चुकून' अशी सुरुवात केली. परत वाचलं. चुकून फक्त बुधवारी झालं होतं, बारा तारखेला. त्यानंतरचं काहीच चुकून नव्हतं.
'चुकून' खोडलं. पुढं काय लिहायचं ते सुचत नाही.
ऑटो खाली आलाय. अण्णा दारात उभे आहेत, हात पुढे करून, मी धरायची वाट बघत.