भाड्याची दोन घरे आणि ताईचे घर

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, वीज कंपनीतून निवृत्त झालेला मीटर वाचणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. सोमवारी माझ्या यकृतावर शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चार वर्षांपूर्वी ती ठिकाणावर नव्हती, पण तेव्हा कोणी दाखला मागितला नाही.

१. माझी मिळकत: राहते घर, कर्जमुक्त; आणि भाड्याने दिलेले दोन फ्लॅट, दोन्हींवर बँकेचे कर्ज. तीस वर्षे लोकांच्या जिन्याखाली मीटर वाचल्यामुळे कोणत्या इमारतीत किती घरे रिकामी पडतात हे मला दलालाआधी कळायचे. वर्षाच्या भाड्यातून दोन महिने रिकाम्या घराचे आणि एक महिना दुरुस्तीचा वजा करायचा. उरलेल्यात वर्षाचे हप्ते भागून वर काही राहिले तरच व्यवहार करायचा. दोन्ही फ्लॅट या हिशोबात बसले.

२. तिसरा बसला नाही. बसणार कसा, इमारतच नव्हती. ज्या दलालाला आम्ही गोडबोल्या म्हणायचो त्याने नकाशा पसरला. "साहेब, उभी राहू द्या, दुप्पट भाव येईल," म्हणाला. जिथे वाचायला एकही मीटर नाही अशा घरावर मी भाळलो. बँक मला आणखी कर्ज देईना. मग माझी नजर ताईच्या घरावर गेली.

३. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेचे गणवेश शिवून तिने मला शिकवले आणि दोन खोल्यांचे घर घेतले. त्याचे कागद विश्वासाने माझ्याच कपाटात ठेवले होते. घर गहाण टाकताना "नुसती साक्षीदाराची सही आहे" असे सांगून मी तिला बँकेत नेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "वाचून घ्या, आजी." ताई म्हणाली, "त्यात वाचायचं काय? माझा भाऊ सांगतोय ना." पत्रव्यवहारासाठी मी तिच्याऐवजी माझा पत्ता दिला. दुसऱ्या मजल्यावर बिल्डरने हात वर केले. दीड वर्ष मी पदरचे हप्ते भरले, मग तेही थांबले. ताईला यातले काही ठाऊक नाही.

४. दोन्ही फ्लॅटना गिऱ्हाईक ठरले आहे. ते विकून, त्यांची कर्जे फेडून उरेल ते सर्व ताईचे घर सोडवण्यासाठी भरावे. मुलगा म्हणतो, "बाबा, एक तरी ठेवा. आत्याला थोडं थांबायला सांगू." थांबायला सांगायचे तर आधी तिला सगळेच सांगावे लागेल. ताईच्या घराच्या लिलावाला अडतीस दिवस उरले आहेत. मुलाला दुकानाचे भांडवल मी दिले, राहायला घर त्याच्या सासऱ्यांनी दिले. आता त्याला काही नाही. त्याने रुसू नये.

५. एवढ्याने भागत नाही. हिशोब तीनदा केला. म्हणून राहते घरही विकावे. उरलेल्यात इस्पितळाचे बिल भागले तर नशीब.

६. घडीची शिडी आणि टेस्टर शेजारच्या प्लंबरला. तसेही दोन्ही त्याच्याकडेच असतात. गोडबोल्याने माझ्या अंत्ययात्रेला येऊ नये. आलाच तर त्याला कोणी चहा विचारू नये.

७. बँकेच्या नोटिसा दारात माझ्या पत्नीने सह्या करून घेतल्या. ताई दर रविवारी जेवायला यायची, आणि ही तिला वाढताना मान खाली घालून असायची. दोष हिचा नाही. "तोंड उघडलंस तर याद राख," असा दम मी दिला होता. त्याची मला लाज वाटते. ताईने हे कलम स्वतः वाचावे.

८. काल हा मजकूर पत्नीला वाचून दाखवला. पाचव्या कलमाला तिने मला थांबवले. "मग मी कुठे राहू?"
"ताईकडे."
"कोणत्या तोंडाने जाऊ?"
ताईने तिला ठेवून घ्यावे असे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

९. पत्नीच्या निवासाची तरतूद: काही नाही.

हे सर्व माझ्या हाताने लिहिले असून दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली आहे.

सही: (लिहून देणार)
साक्षीदार: १. तपासणारे डॉक्टर. २. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका.
स्थळ: राहते घर. दिनांक: १९ नोव्हेंबर.