परीक्षेच्या खुर्चीत आजी

दि. ४ जून

चि. खारुताईस,
आजीचे पोतंभर आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र तुझ्या आईनं वाचून दाखवलं आणि हेही मी सांगतेय तसं तीच लिहून घेतेय. फोन कानाला लावला की मला नुसती शिट्टी ऐकू येते, म्हणून हा खटाटोप.

इंग्रजीच्या परीक्षेत लिहिणं, वाचणं, ऐकणं निभावलं आणि बोलताना तुझी दातखीळ बसली, हे ऐकून मी आधी हसले. घरात दुसऱ्याला घास गिळू न देता बडबडणारी तू! मग पुढचं ऐकलं. परदेशातल्या हॉस्पिटलनं तुझी नर्सची जागा या महिनाअखेरपर्यंतच राखलीय, परीक्षा आता एकदाच देता येईल, आणि त्या धास्तीत परवा पेशंटच्या सलाईनची सुई चुकली. हसू पळालं माझं.

तू विचारतेस, समोर अनोळखी बाई, टेबलावर रेकॉर्डर, शब्द फुटायचे कसे? अगं, मी पत्र सांगते तेव्हा समोर तुझी आई असते, कपाळाला आठ्या घालून. तिच्याकडे बघितलं तर माझीही बोबडी वळेल. मी तिच्या जागी तुला बसवते आणि सुटते. तूही त्या बाईच्या खुर्चीत मला बसव. मी मार्क कापत नाही.

तुझी आई तुझ्या जाण्याबद्दल हो म्हणत नाही, नको म्हणत नाही. मी सांगते तेवढं लिहिते. हे वाक्य लिहायला तिनं फारच वेळ लावला.

जेवत जा. म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

दि. १९ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि. काल परीक्षा झाली. आजी, तू घात केलास गं.

बाईंनी कार्ड दिलं: तुम्हाला काही शिकवणाऱ्या माणसाबद्दल बोला. मी लगेच खुर्चीत तुला बसवलं आणि काय सुटले! कपाळाला उलटा हात लावून ताप ओळखायला तू कसं शिकवलंस, ते सांगत होते. तू मान डोलावत होतीस. अचानक बाईंच्या भुवया वर गेल्या, तेव्हा कळलं, मी केव्हाची मराठीत बोलतेय! तुला इंग्रजी कुठं येतं? तुझ्याशी बोलायचं म्हणजे मराठीतच ना!

माफी मागितली आणि इंग्रजीतच सगळं सांगून टाकलं: तुमच्या खुर्चीत माझी आजी बसली होती. बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. त्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना.

निकाल पुढच्या आठवड्यात. ड्युटीवर फोन वाजला तरी दचकते. आईला सांगू नकोस म्हणणार होते, पण वाचणार तीच. आई, रागावलीस का माझ्यावर? स्वतःची एक ओळ तरी लिही.

तुमच्या दोघींची फार आठवण येते. असाच जीव लावा.
तुमची खारुताई

दि. २७ जून

चि. खारुताईस,
माझे पुन्हा पोतंभर आशीर्वाद. वि. वि. पास झाल्याचा तुझा फोन तुझ्या आईनं घेतला. मला सांगितलं आणि भर दुपारी दाराला आतून कडी लावली. वर कुलूपही घातलं. चोर येणार नव्हता, तूही घरात नव्हतीस. मी विचारलं, कुणाला कोंडतेस गं?

लागतात तेवढेच मार्क पडले म्हणतेस. म्हणजे मला बसवून फार बिघडलं नाही. पण तुझ्या मानगुटीवरची भीती आता माझ्याकडे मुक्कामाला आलीय. तिथं दिवसभर तू इंग्रजीत बोलणार. मी कुठल्या खुर्चीत बसू? आणि बसले तरी तू काय म्हणतेस ते मला कळणार का?

तुझ्या आईलाही आज तोच उपाय सांगितलाय: समोर कागद नाही, पोर बसलीय समज आणि बोल. आता मी तोंड मिटते. मला विसरलीस तर बघ.
तुझी आजी

बाळा,
मी रागावले नव्हते. तू पास होशील, याचीच भीती वाटत होती. म्हणून हात चालेना.
कुलूप काढलंय. जाण्याआधी घरी ये. माझ्यासमोर खरीखुरी बस.
आई