तळीचा पाचवा माणूस

गुरुवार, १२ मार्च

दुकान उघडतोय तोच मोबाईलवर फोटो. आमचा मेहुणा विलास, झेडपी सदस्य, गळ्यात नवं उपरणं, तोंडभर हसू. निवडणुकीत ज्यांना स्टेजवरून चोर म्हणत होता, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसलाय. डोकंच फिरलं. वाइंडिंगला आलेली मोटर रागारागात चुकीची भरली, उद्या पुन्हा खोलावी लागणार.

निवडणुकीत वस्ती ऐकत नव्हती. म्हातारे म्हणायचे, हे पोरगं पलटी मारंल. शेवटी खंडोबाच्या देवळात सगळ्यांसमोर मीच त्याच्या हातात बेलभंडारा दिला. पक्ष सोडणार नाही, अशी शपथ घेतली त्याने. वस्तीवरची सोनाआत्या म्हणाली, "तू मधी हायेस म्हनून देते मत." वस्तीने मत त्याला नाही, मला दिलं होतं.

शुक्रवार, १३

बायकोचा जीव त्याच्यात. शेवटी धाकटा भाऊ आहे तिचा. जेवताना एवढंच बोलली, "त्याला बी काही अडचन असंल." म्हटलं, आणि मला तोंड दाखवायला जागा नाही ती? ताट घेऊन आत गेली.

कांद्याचा भाव पार पडलाय. टीव्हीवर मात्र दिवसभर कोण कुठे गेला एवढंच.

शनिवार, १४

दुकानात मॅच लावली. आपला फलंदाज पंचाने बोट वर करायच्या आत स्वतःच चालू लागला. बॅटला लागलं होतं म्हणे. शतक हुकलं, पण बघून बरं वाटलं. शेजारचा सलूनवाला म्हणतो, "खेळाडू बी टीम बदलत्यात की, आण्णा." अरे, पण ते सोनाआत्याकडे मत मागायला येतात का?

संध्याकाळी विलास घरी आला. पाया पडला. "दाजी, सत्तेशिवाय निधी मिळत न्हाई. उद्या खंडोबाला तळी भरतो, शपथ उतरवून घेतो. भंडारा तुमीच दिलता, तवा पाच जनांत तुमी पायजे."

म्हणजे पाच जणांनी मिळून ताम्हन उचलायचं, येळकोट म्हणायचं, खोबरं वाटायचं, झालं. देव याच्या घरगड्यासारखा. आणि त्याला मोकळं करणारा हात पुन्हा माझाच. हिने चहा आणला. मी "बघू" म्हणालो. तोंडावर "नाही" म्हणता आलं नाही, त्याचाही संताप होतोय.

रविवार, १५

सकाळीच फोन. "दाजी, आमी चौघं बसलोय. तुमच्यासाठी थांबलोय."

हिने टोपी इस्त्री करून कॉटवर ठेवलीय. दाराशी उभी आहे.

पुन्हा फोन वाजला. उचलला नाही.

सोनाआत्या ओट्यावर ऊन खात बसलीय. देवळाकडे जायची वाट तिच्या दारावरूनच आहे.