साक्षीदार बाटली आणि तू दिलेला कोट

तीर्थरूप ताईस,

(आणि भाऊजी तुझ्या खांद्यावरून वाचत असतील तर त्यांनाही) धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघा जिना चढताना कटकट करतो असं लिहिलंयस. माझं ऐकशील तर त्याला करू दे, निदान आहे त्या जागी राहून बोलतोय. माझी तब्येत ठीक. रक्तदाबाची गोळी रोज अकराच्या ठोक्याला घेतो (ही गोळी लक्षात ठेव, पुढे लागणार आहे). भाची तान्ह्या बाळाला घेऊन पुढच्या महिन्यात तुमच्याकडे दोन महिने राहायला येतेय हे वाचून फार बरं वाटलं. बाळाचं नाक आपल्या घराण्यावर गेलं नसेल अशी आशा आहे.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू निवांत वाचशील: या पत्रात तुमच्या विहिरीचा विषय मी काढणार नाही. मागे काढला तेव्हा भाऊजी अर्ध्या ताटावरून उठले, आणि त्यानंतर आमच्या कचेरीचा माणूस तीनदा पाण्याचा नमुना घ्यायला आला तेव्हा तिन्ही वेळा वहीत ‘घर बंद’ असा शेरा पडला. (बंद घरातून कांदा परतल्याचा वास येत होता, असंही त्यानं खाली लिहिलंय. माणूस प्रामाणिक आहे.) विहीर भाऊजींच्या वडिलांनी खोदली, तिचं पाणी गोड, तिच्या पाण्यात डाळ पटकन शिजते, सगळं मान्य. मी गप्प.

तर आता माझी गोष्ट. तू शेजारपाजारी सांगतेस की माझा भाऊ पाण्याच्या खात्यात मोठा साहेब आहे. ताई, मी बाटल्या भरतो. वस्तीच्या वरच्या टेकाडावर अग्निशमन दलाचं सरावाचं मैदान होतं ते तुला आठवत असेल, आपण लहानपणी लांबून धूर बघायचो. तिथे तीस वर्षं ही मंडळी दर आठवड्याला तेल पेटवायची आणि पांढऱ्या फेसानं विझवायची. आगी विझल्या, दल दुसरीकडे गेलं, फेसातलं रसायन मात्र राहिलं. ते मातीत उतरलं, मातीतून खालच्या पाण्यात. ते कुजत नाही, विरत नाही, त्याला वास नाही, चव नाही, आणि एकदा पोटात गेलं की वर्षानुवर्षं निघत नाही. थोरल्या आत्याचा राग आठव म्हणजे कल्पना येईल.

ते साफ करण्याचं आमचं काम. साफ करतो म्हणजे काय करतो, ते ऐक. माती खणून पिंपांत भरतो आणि पिंपं गोदामात ठेवतो. पाणी उपसून कोळशाच्या मोठ्या टाक्यांतून सोडतो. रसायन कोळशाला चिकटतं, पाणी स्वच्छ होतं, कोळसा घाण होतो. मग तो कोळसा पिंपांत आणि पिंपं गोदामात. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी एक कणही नाहीसा केलेला नाही, फक्त त्याला लेबल लावलंय. बायको म्हणते, पसारा या खोलीतून त्या खोलीत नेणं मीही रोज करते, मला कोणी ओळखपत्र देत नाही.

या सगळ्यात मान आहे तो नमुना घेणाऱ्याला, म्हणजे अस्मादिकांना. कारण हे रसायन मोजायचं ते मोठ्या तलावात दोन-चार थेंब इतक्या बारकाईनं, आणि त्याचीच भावंडं आपल्या घरात ठायी ठायी बसलेली असतात: न चिकटणाऱ्या तव्यावर, तोंडाला लावायच्या कसल्या कसल्या क्रीममध्ये, डाग न पडणाऱ्या गालिच्यात. त्यामुळे नमुना घेणाऱ्याच्या अंगावरचंच बाटलीत पडण्याची भीती. म्हणून नियम आहेत. एकूण बावीस. लेखक मीच. ते मी सुवाच्य अक्षरात लिहून चकचकीत, पाणी न लागणाऱ्या कागदावर छापून घेतले, भिंतीवर लावले, आणि मग ध्यानात आलं की असला कागद विहिरीजवळ नेऊ नये हा माझाच तेरावा नियम आहे. तेव्हापासून नियम कचेरीत राहतात आणि आम्ही विहिरीवर जातो.

त्यातले दोन तुला सांगतो. नियम नववा: पाणी ओघळून जातं असा कोट घालू नये, कारण पाणी ज्यामुळे ओघळतं ते हेच. नियम सतरावा: साक्षीदार बाटली. प्रयोगशाळा आपल्याबरोबर अतिशुद्ध पाण्याची एक बाटली पाठवते. ती विहिरीवर उघडायची, त्यातलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतायचं, बूच लावायचं आणि परत पाठवायची. त्या पाण्यात घाण सापडली तर ती विहिरीची नव्हे, आपली. म्हणून साक्षीदार. नव्या लोकांना मी हा नियम शिकवतो तेव्हा आवाज जरा खाली आणतो, म्हणजे विषयाचं गांभीर्य पोचतं.

दहा-अकरा महिन्यांपूर्वी मैदानाच्याही वर, चढावर, एका बाईंची रोपवाटिका आहे तिथे नमुना घ्यायला गेलो. बाई साठीच्या, एकट्या, विहिरीच्या पाण्यावर दोन-अडीच हजार रोपं जगवणाऱ्या. बोचरा वारा, भुरभुर पाऊस. अंगात तू माझ्या पन्नाशीला दिलेला करडा कोट. नववा नियम आठवला नाही का, असं तू विचारशील. ताई, मी नियम लिहिला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ‘रेनकोट’ होता, कोणा दुसऱ्याच्या अंगातला. हा ‘ताईनं दिलेला कोट’ होता. पावसाचे थेंब त्यावरून मोत्यासारखे घरंगळत होते आणि मी कौतुकानं बघत होतो. लेखकानं स्वतःचं पुस्तक कशाला वाचायचं?

पंप विहिरीत सोडला, आणि अकरा वाजले. गोळी जिभेवर ठेवल्यावर कळलं की घरची पाण्याची बाटली गाडीत राहिली आणि ड्रायव्हर गाडी घेऊन चहाला गेला. विहिरीचं पाणी संशयित, ते पिणं बरं नव्हे. गोळी विरघळायला लागली (ती किती कडू असते हे रक्तदाब नसलेल्या माणसाला नाही कळायचं). हाताशी जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी होतं. ताई, मी साक्षीदार पिऊन टाकला. चवीला अगदीच सपक निघाला. वहीत लिहिलं, ‘साक्षीदार बाटली फुटली’, आणि खाली सही केली, नेहमीची, वळणदार.

महिन्यानं अहवाल आला की बाईंच्या विहिरीत रसायन, आणि तेही भरपूर. आमचे साहेब उभे राहिले, म्हणजे खरोखर खुर्चीतून. घाण मैदानाकडून चढावर गेली कशी? पाणी वर चढत नाही एवढं साहेबांनाही माहीत आहे. मी खडू घेतला आणि जमिनीखालचे दगड तिरके कसे असतात, भेगा उलट कशा जातात, यावर पाऊण तास बोललो. इतकं छान बोललो की मलाही पटलं. नकाशावर घाण दाखवणारी तांबडी जीभ चढाच्या दिशेनं काढली गेली, कोळशाच्या दोन्ही नव्या टाक्या तिकडे बसवल्या, बाईंच्या विहिरीला झाकण ठोकलं, आणि फाटकावर ‘हे पाणी वापरू नये’ अशी पाटी मी स्वतःच्या हातांनी चार खिळे मारून लावली. गिऱ्हाईक पाटी वाचून फाटकावरूनच मागे फिरायला लागलं. बाई टँकरच्या पाण्यावर रोपं जगवत राहिल्या, जमतील तेवढी.

दोन महिन्यांपूर्वी फेरतपासणी झाली. पुन्हा मी, पुन्हा कोट. पण या वेळी गोळी घरीच घेऊन निघालो होतो, म्हणून साक्षीदार जिवंत परतला. तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांना आम्ही दशांशबाई म्हणतो, कारण त्या ‘बरं आहे’सुद्धा दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतात. म्हणाल्या, विहिरीच्या पाण्यापेक्षा साक्षीदाराच्या पाण्यात जास्त निघालंय, तुम्ही अंगात काय घातलं होतं? मी म्हटलं, कोट. कसला? बहिणीनं दिलेला. पाणी ओघळतं का त्यावरून? मी म्हटलं, फार सुंदर ओघळतं. त्या म्हणाल्या, तुमचे ते बावीस नियम माझ्या टेबलासमोर लावलेत, नववा वाचून दाखवू का?

मग तिसरी खेप, दशांशबाईंच्या देखरेखीखाली. दहा वर्षं धुऊन धुऊन जाळी झालेला सुती सदरा आणि तसलीच विजार. साबण नाही, क्रीम नाही, तेल नाही. बायको म्हणाली, लग्नाआधी असे भेटला असतात तर बरंच काही वाचलं असतं. कुडकुडत नमुना घेतला. निकाल आला: विहीर स्वच्छ. पहिल्या दिवसापासून स्वच्छच होती. साक्षीदार प्यायल्याचं मी साहेबांना लेखी दिलं. ते कागद वाचून खुर्चीत बसले, म्हणजे आधीपेक्षा खोल बसले.

रोपवाटिकेच्या बाईंना सांगायला मी एकटा गेलो. त्या कात्रीनं फांद्या छाटत होत्या. म्हणाल्या, “आले का बाटलीवाले. आता काय, हवाही बंद करायचीय?”

मी म्हटलं, “बाई, तुमची विहीर चांगली आहे. घाण माझ्या कोटाची होती.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

कात्री थांबली. “म्हणजे माझी नऊशे रोपं गेली ती तुमच्या कोटापायी?”

“हो.”

“कोट तरी बरा होता का?”

“बहिणीनं दिला होता.”

त्या म्हणाल्या, “मग अंगावेगळा करवत नसेल.” आणि लगेच कात्री फाटकाकडे रोखून, “पाटी काढा. तुम्हीच ठोकलीत.” खिळे गंजले होते. माझ्याकडे हत्यार नव्हतं, त्यांनी दिलं नाही. पाऊण तास लागला (खडू घेऊन बोललो होतो तेवढाच). येणारे-जाणारे थांबून बघत होते आणि बाई प्रत्येकाला सांगत होत्या की साहेबांचा कोट गळत होता. मग त्यांनी झाकण उघडायला लावलं, बादली सोडली, पेला भरला आणि म्हणाल्या, प्या. मी प्यायलो. खरंच गोड होतं. नुकसानभरपाईचा अर्ज त्यांचा मीच लिहून दिला, कारण माझ्या चुकांचं वर्णन माझ्याइतकं कोणाला जमणार.

निघताना त्यांनी विचारलं, “वर आलंच नव्हतं, तर मग ते गेलं कुठं?” मी उत्तर दिलं नाही. तुलाही देणार नाही, कारण एक विषय काढायचा नाही असं वरती कबूल केलंय.

घरी सगळे खुशाल. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, बाळाला एक पापा.

तुझाच,
धाकटा

ता. क. कोट फेकता येत नाही, जाळता येत नाही, पुरता येत नाही. तो आता गोदामात पिंपात आहे, लेबलवर माझं नाव आहे. भिंतीवर साहेबांच्या अक्षरात तेविसावा नियम आलाय: साक्षीदारास पिऊ नये. तो जुना झाला असेल म्हणून नवा पाठवतेस असं लिहिलंयस, तो पाठवू नकोस. मी भिजेन.

ता. क. दोन. नकाशा पुसून नव्यानं काढला. या खेपेला खडू दशांशबाईंच्या हातात होता. पाणी जसं जातं तसंच जातंय, उताराला. तांबडी जीभ ओढ्याच्या अंगानं खाली उतरून जुन्या घरांपर्यंत आलीय. शेवटचा ठिपका तुमच्या कुंपणाच्या अलीकडे साठ पावलांवर आहे. पुढे ठिपका नाही, कारण पुढे ‘घर बंद’. आणि आठ महिने आम्ही कोळशाच्या टाक्या घेऊन उलट्या दिशेला उभे होतो. तिकडे उभं केलं मी.

ता. क. तीन. विषय काढतोय. येत्या सोमवारी दहाला मी स्वतः येतो, जाळीचा सदरा घालून. दार उघड. भाऊजींना सांग, त्यांच्या वडिलांच्या विहिरीला मी दोष देत नाहीये. दोष कोणाचा ते या पत्रात चार पानं लिहिलंय. विहीर चांगली निघाली तर त्यांच्यासमोर कान पकडीन, फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेन असा. पत्रासोबत ड्रायव्हरनं पाण्याचे बारा कॅन उतरवले असतील, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरा. विहिरीचं पाणी उकळून चालेल असं भाऊजी म्हणतील. उकळल्यानं पाणी उडतं, ते उडत नाही. निकाल येईपर्यंत बाळाच्या दुधाला विहिरीतला थेंब नको.

ता. क. चार. सोमवारी मी आलो की तू नेहमीप्रमाणे विहिरीच्या पाण्याचा पेला पुढे करशील. आजवर प्रत्येक वेळी मी तो प्यायलोय, सगळं माहीत असून, कारण तुला नाही म्हणायला मला कधी जमलेलं नाही. या वेळी तो करू नकोस. गोळी मी घरीच घेऊन निघेन.