नऊ इंची स्टँड

३ सप्टेंबर

जेवणाच्या टेबलावर कॅटलॉग उघडा, त्यावर डॅडचं भिंग. तेराव्या दिवशीही तेच पान! घरच्या घरी काडतुसं भरायच्या प्रेसखाली लावायचे लोखंडी स्टँड. चार इंची, सहा इंची, नऊ इंची. एवढ्या वेळात माणूस दुसरं लग्न ठरवेल. "कंबर दुखते," म्हणाले. "प्रेस उंच झाला की वाकावं लागणार नाही."

ड्वेन आला होता. माझा धाकटा भाऊ, पण तोरा थोरल्याचा. अंगणात मला बाजूला घेऊन म्हणाला, "ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा बंदुकीच्या दारूशी खेळतोय. एक चूक दिसली ना, प्रेस उचलून माझ्या घरी नेणार. तू लक्ष ठेव."

म्हणजे मी चहाडखोर! प्रेस नेला तर डॅडकडे उरतं काय? एक खुर्ची आणि हवामानाच्या बातम्या.

(पान फराटलं. डावखुरीचं नशीब.)

६ सप्टेंबर

लक्ष ठेवायला म्हणून गॅरेजमध्ये उपड्या बादलीवर बसले, आणि बघतच राहिले.

डॅडनी टोपी काढून खिळ्याला अडकवली. टोपी खिळ्याला असली की त्यांच्याशी बोलायचं नाही, हा घरचा कायदा. एकदा फोन वाजत राहिला, तरी आई त्यांना हाक न मारता दारात उभी राहिली होती. काडतुसाची रिकामी पितळी नळी प्रेसमध्ये, हँडल खाली, दारू आत. मग स्टुलावरून पुढे झुकून दिव्याखाली नळीच्या तळाशी बघायचं. दारू कमी नाही ना, दोनदा पडली नाही ना. मगच वर गोळी बसवायची. एकदा, दोनदा, पन्नास वेळा! घाई नाही, कंटाळा नाही. चर्चमध्ये माझा जीव इतका कधी गप्प झाला नाही.

चौदाव्या वर्षापासून एल्क हरणांच्या शिकारीला जाते. दुकानातलं एक काडतूस वापरलेलं नाही. म्हणजे छत्तीस वर्षं माझ्या गालापाशी जो स्फोट होतो, तो या माणसाने आधी डोळ्यांनी बघून ठेवलेला असतो. हे आजवर डोक्यातच आलं नव्हतं.

९ सप्टेंबर

डॅड टेप घेऊन मोजमाप करत होते. मला म्हणे, "उभी राहा सरळ. कोपरापाशी धर." स्वतःला धरवत नाही, मग मीच खुंटी. स्टँडची मागणी गेली एकदाची!

१५ सप्टेंबर

नऊ इंची मागवलाय!! "डॅड, तुम्ही स्टुलावर बसता. प्रेस तुमच्या नाकाशी येईल. चार इंची पुरे होता."

"पन्नास वर्षं लोखंड वाकवलंय मी. मला मापं शिकवतेस?"

बरं बाबा. बोलून कोण वाईट होणार!

१९ सप्टेंबर

आईच्या गुलाबांच्या मुळाशी करडे दाणे. दारू! आमच्याकडे बाद झालेली दारू खत म्हणून झाडांना घालतात, पण ती चिमूटभर. ही पसाभर होती. गॅरेजमध्ये कॉफीच्या डब्यात उपटून काढलेल्या गोळ्या. मोजल्या, पन्नास. त्या दिवशी माझ्यासमोर भरलेली सगळीच्या सगळी काडतुसं फोडली त्यांनी.

पन्नास वर्षांत अख्खी खेप कधी मोडली नव्हती. काहीतरी चुकलं. ड्वेनचा फोन आला तर डॅड त्याला म्हणाले, "सगळं ठीक." धडधडीत खोटं.

२३ सप्टेंबर

स्टँड आला. डॅडनी एकट्याने बोल्ट आवळले, मला जवळ फिरकू दिलं नाही. मग स्टुलावर बसून बघितलं. मी म्हटलं तेच! नळीचं तोंड त्यांच्या डोळ्यांच्या वर. आत काय दिसणार, कपाळ? आणि हँडल उलट्या बाजूला बसवलंय. डावीकडे! उजव्या हाताचा माणूस!

संपलं. ड्वेनचं खरं ठरलं. फोन उचलला, नंबर फिरवला, आणि ठेवून दिला. आज नाही. उद्या सांगेन. रडू आवरत नाही.

२४ सप्टेंबर

सकाळी डॅडनी गॅरेजमध्ये बोलावलं. टोपी त्यांच्या डोक्यावरच होती. स्वतः उपड्या बादलीवर बसले.

"वसंतापासून डोळ्यांसमोर मधोमध धूर दिसतो, पोरी. कडेचं दिसतं, तळ दिसत नाही. त्या दिवशी तू बघत होतीस म्हणून नुसता झुकत राहिलो. ती काडतुसं मी तुला देणार होतो का?"

मी माझी टोपी कपाळावरून मागे सारली. प्रेससमोर उभी राहिले. हँडल डाव्या हातात अलगद आलं. कोपर बरोब्बर. मान जरा झुकवली तर नळीचा तळ स्वच्छ दिसला.

"डॅड, हे तर..."

"टोपी," ते म्हणाले. "आधी तुझी टोपी काढ, खिळ्याला लाव. मग मी गप्प बसतो."